बनावट वस्तू ‘चालते’ म्हणून ती निर्धोक ठरत नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बनावट मालाचा साठा पकडला की बातमी येते. किती नग सापडले, त्यांची किंमत किती आणि कंपनीचा महसूल किती बुडाला, हे तीन आकडे तिच्यात हमखास असतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या २०२५च्या अहवालानुसार, २०२१ साली देशोदेशींच्या सीमा ओलांडून गेलेला बनावट माल सुमारे ४६७ अब्ज डॉलरचा, म्हणजे जगाच्या एकूण आयातीच्या २.३ टक्के होता. देशातल्या देशात तयार होऊन तिथेच खपणारा माल यात धरलेलाही नाही. पण असे आकडे वाचून ग्राहकाला वाटते की बुडाले ते कंपनीचे आणि सरकारचे. आपले तर पैसे वाचले. आमच्यापैकी काही जण विद्युत उपकरणे व यंत्रांचे सुटे भाग उघडून तपासतात, काही औषधांचे पृथक्करण करतात. वस्तूच्या आत काय असते आणि काय नसते, हे बातम्यांतून राहून जाते. ते नीट मांडावे म्हणून हे पत्र.

नकली माल करणाऱ्याचा नफा काटछाटीत असतो. डबा, रंग, छपाई, होलोग्राम यांत तो हात आखडता घेत नाही, कारण गिऱ्हाईक तेच पाहते. रोजचे काम अडेल अशी काटछाटही तो करत नाही, कारण मग दुसऱ्याच दिवशी तक्रार येईल. कात्री लागते ती फक्त विपरीत प्रसंगी उपयोगी पडणाऱ्या भागांना. म्हणून ‘दोन वर्षे वापरतोय, काही झाले नाही’ या अनुभवाला आमच्या लेखी काडीची किंमत नाही. त्या दोन वर्षांत गाळलेल्या भागाची गरज पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाइलचा चार्जर घ्या. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या एका बाजूला सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे तुमच्या हातातल्या वायरीत, ५ व्होल्ट. सर्किट बोर्डवर या दोन बाजूंमध्ये साधारण ५ ते ६ मिलिमीटर मोकळी पट्टी सोडावी लागते. चांगल्या चार्जरमध्ये त्या पट्टीत बोर्डला आरपार खाचही पाडलेली असते, म्हणजे धूळ किंवा दमटपणातून वीज पृष्ठभागावरून सरपटत पलीकडे जाऊ नये. बनावट चार्जरमध्ये हे अंतर काही ठिकाणी १ मिलिमीटरहूनही कमी आढळते. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्याला तिहेरी आवरणाची तार लागते. तिथे साधी एनॅमलची तार गुंडाळून मध्ये चिकटपट्टीचा एखादा थर दिलेला असतो. दोन्ही बाजूंना जोडणारा एक निळा, चपटा कॅपॅसिटर असतो. तो ‘वाय’ वर्गाचा हवा, कारण बिघडला तर तो मार्ग तोडूनच बिघडावा अशी त्याची रचना असते. त्याच रंगाचा, त्याच आकाराचा साधा सिरॅमिक कॅपॅसिटर बसवला तर तो बिघडताना शॉर्ट होऊ शकतो आणि मग फोनच्या धातूच्या कडेला थेट घरातला दाब येतो. प्रवेशाशी असलेला फ्यूज किंवा फ्यूजचे काम करणारा रोधक तर पुष्कळदा नसतोच. त्याच्या जागी नुसती तार डाखलेली असते.

यातली एकही उणीव फोन चार्ज होण्याच्या आड येत नाही. २०१६ साली यूएल या चाचणी संस्थेने ४०० बनावट चार्जर तपासले, तेव्हा झटक्यापासून वाचवण्याइतके इन्सुलेशन अवघ्या ३ नगांत आढळले. बाकीचेही फोन चार्ज करण्याच्या कामाचे म्हणूनच विकले जात होते.

वितरण पेटीतल्या एमसीबीची, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचची, गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तो बसवलेला असतो तोच अपघात टाळण्यासाठी. खऱ्या एमसीबीत तीन गोष्टी असतात. भार हळूहळू वाढला तर तापून वाकणारी द्विधातूची पट्टी, शॉर्टसर्किटच्या वेळी क्षणात खटका पाडणारे चुंबकीय वेटोळे आणि संपर्क सुटताना पेटणारी ठिणगी तुकडे करून विझवणारी पोलादी पत्र्यांची चळत. ‘सी’ प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीतून १६० अँपिअर गेले तर तो ०.१ सेकंदाच्या आत पडायला हवा. बनावट एमसीबीत पत्र्यांची चळत गायब असते किंवा दोन-तीन पत्रे नावाला असतात. काहींत वेटोळे असते पण ते खटक्याला जोडलेलेच नसते, म्हणजे असा एमसीबी नुसते बटन असतो. संपर्कबिंदू चांदीच्या मिश्रधातूऐवजी तांब्याचे असतील तर मोठ्या प्रवाहाला ते एकमेकांना वितळून चिकटतात आणि दांडी खाली आली तरी आतला मार्ग सुरूच राहतो. वर चौकोनात ‘६०००’ छापलेले असते. तितक्या अँपिअरचा शॉर्टसर्किट प्रवाह तोडण्याची ती हमी असते, पण आत तो प्रवाह तोडायला काहीच नसते. दांडी वर-खाली करून पाहणे ही याची चाचणी होऊ शकत नाही. एमसीबी हातात घेऊन तोलला तर हलका लागणे हा एक इशारा. खात्री मात्र प्रवाह सोडूनच होते.

वायरीतही हेच चालते. तांब्याची म्हणून विकलेली तार पात्याने खरवडली आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, म्हणून त्याच प्रवाहाला उष्णताही दीडपट. शिवाय स्क्रूखाली दाबलेले ॲल्युमिनियम कालांतराने दबत जाते, जोड सैल होतो आणि तिथेच तापू लागतो.

लिथियम सेलबाबत एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या, ‘१८६५०’ नावाच्या दंडगोल सेलची क्षमता सर्वसाधारणपणे ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम. त्याच मापाच्या सेलवर ९,९०० छापलेले असेल तर तो आकडा खोटाच आहे, दुसरी शक्यता नाही. स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवला तरी पुष्कळ कळते. ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भर घातलेली असते. धोका मात्र कमी क्षमतेचा नाही. आत दाब वाढला की मार्ग तोडणारी चकती आणि वायू बाहेर सोडणारी झडप या दोन गोष्टी त्यात नसतात, त्यामुळे बिघडलेला सेल फुसकन वायू सोडून थांबण्याऐवजी फुटतो. जुन्या लॅपटॉपमधले थकलेले सेल नवे वेष्टण चढवून विकलेले असले तर वजन अगदी बरोबर भरते; तिथे तराजूचा उपयोग नाही, अंतर्गत रोध मोजावा लागतो.

यंत्रांच्या भागांत नकली माल डोळ्यांना ओळखू येणे जवळपास अशक्य. बोल्टच्या डोक्यावर ‘८.८’ असेल तर पहिला आकडा सांगतो की तो ८०० मेगापास्कलपर्यंत ताण घेऊन मगच तुटेल आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० मेगापास्कलपर्यंत, तो कायमचा ताणला जाणार नाही. हे गुण येतात पोलादाच्या घटकांमुळे आणि उष्णता-संस्कारामुळे, आणि आकडा उठवायला लागतो फक्त ठसा. १९८०च्या दशकात अमेरिकेत ‘ग्रेड ८’ या जास्त ताकदीच्या दर्जाचे म्हणून खपवलेले पुष्कळ बोल्ट कमी कार्बनच्या, बोरॉन मिसळलेल्या पोलादाचे निघाले. साध्या तापमानाला ते चाचणीत उत्तीर्ण होत. गरम जागी बसवले की त्यांची ताकद खऱ्या बोल्टपेक्षा फार लवकर घटे. १९९० मध्ये तिथे बोल्ट-नटांच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, तो अशाच मालामुळे. त्याच्या आदल्या वर्षी, ८ सप्टेंबर १९८९ रोजी, ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनएअरचे कॉन्व्हेअर ५८० विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातले सर्व ५५ जण गेले. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या बोल्ट-पिनांपैकी काही बनावट होत्या, त्यांचा उष्णता-संस्कार नीट झालेला नव्हता, हे चौकशीत निघाले. त्या झिजल्या आणि पंख थरथरू लागला. त्या बसवल्या त्याच दिवशी काही झाले असते, तर निदान लक्षात तरी आले असते.

शीतक वायूचे, म्हणजे थंडावा देणाऱ्या यंत्रांत भरायच्या वायूचे, उदाहरण फारसे कुणाला ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने. आर-१३४ए हा वायू उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, उणे २४ला. दोन्हींचा दाब इतका जवळचा की गेज लावून फरक कळत नाही आणि थंडावाही मिळतो. पण आर-४० ॲल्युमिनियमशी संयोग पावून असे रसायन तयार करतो, जे हवा लागताच आपोआप पेटते. आर-१३४ए म्हणून विकलेला हा वायू भरलेल्या शीतवाहू कंटेनरांच्या यंत्रांचे २०११ मध्ये स्फोट झाले आणि तीन कामगार दगावले. त्यांनी तो वायू विकत घेतला नव्हता, भरलाही नसेल. केवळ ते यंत्र उघडायची पाळी त्यांच्यावर आली. शीतक भरणाऱ्या कारागिरांसाठी एक सोपी परीक्षा आहे. आर-१३४एमध्ये क्लोरीन नसते, आर-४०मध्ये असते. हॅलाइड दिव्याची ज्योत हिरवी झाली की काम तिथेच थांबवावे, यंत्राला पाना लावू नये.

गाडीच्या भागांबद्दल थोडक्यात. ब्रेक पॅडच्या कडेवर घर्षणगुणांकाची दोन अक्षरे असतात; पहिले साध्या तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. नकली पॅड गावात, कमी वेगात उत्तम लागतात. लांब उतारावर तापले की बंधक राळ जळून वायू सुटतो आणि घर्षण कोसळते, किंवा घर्षणाचा थर मागच्या पत्र्यापासून सुटून येतो. काहींत ॲस्बेस्टॉसही सापडते. त्याची धूळ गिऱ्हाइकापेक्षा गॅरेजमधल्या पोराच्या छातीत जास्त जाते. एअरबॅगबाबत अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१२ मध्येच सांगितले होते की बनावट नग एक तर उघडत नाहीत, नाही तर उघडताना धातूचे तुकडे उडवतात.

आता औषधे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा वैद्यकीय उत्पादनांपैकी एक निकृष्ट किंवा बनावट असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७चा अंदाज आहे. लोकांच्या मनात नकली गोळी म्हणजे खडूची गोळी. खडूची गोळी त्या मानाने लवकर पकडली जाते. खरा घात थोडेसे औषध घातलेल्या गोळीत आहे. आग्नेय आशियात मलेरियावरच्या बनावट गोळ्यांमध्ये मूळ औषधाचा अंश मुद्दाम घातलेला आढळला, कारण तेवढ्यावर रंग बदलून पाहण्याची साधी चाचणी पार पडते. जोडीला पॅरासिटामॉल. ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते, रक्तातले परजीवी वाढतच राहतात. डॉक्टरला वाटते औषध लागू पडत नाही किंवा निदान चुकले. तो जास्त तीव्र औषधाकडे वळतो. अर्ध्या मात्रेतून तगलेले जंतू मात्र पुढे ज्याने आयुष्यात कधी नकली गोळी घेतली नाही त्याच्याकडेही जातात आणि त्याच्यावर अस्सल औषधसुद्धा चालेनासे होते. इथे ‘ज्याने स्वस्त घेतले त्याने भोगावे’ हा हिशेब लागूच पडत नाही.

सिरपची कथा कच्च्या मालापासून सुरू होते. ग्लिसरीनऐवजी डायएथिलीन ग्लायकॉल घातले तर तेही गोड, तेही दाट, आणि स्वस्त. ते मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये पनामात खोकल्याच्या औषधाने शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या औषधातल्या ‘ग्लिसरीन’च्या पिंपांवर ९९.५ टक्के शुद्धतेचा दाखला होता. पिंपे एका देशातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली, प्रत्येकाने आधीच्याचा कागद पुढे उतरवला, पिंप उघडून पाहिले नाही कुणीच. ग्लिसरीनमध्ये हे विष ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये आणि ते वायू-वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) यंत्रावर स्पष्ट दिसते. प्रत्येक पिंपातून नमुना घ्यावा लागतो. दहा पिंपांतून एक, अशी काटकसर इथे चालत नाही. आणखी एक दाखला: २०१२ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरच्या बेव्हॅसिझुमॅब इंजेक्शनच्या बनावट कुप्या सापडल्या, त्यांत मूळ औषध अजिबात नव्हते. अशा रुग्णाचा आजार बळावला तर तो आजारामुळेच बळावला असे सगळे धरून चालतात, आणि बनावट औषधाची नोंद कुठेही होत नाही.

गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याची मर्यादा वजनाने दशलक्ष भागांत १ भाग आहे. नकली व बेनामी डब्यांत ती हजारो पटींनी ओलांडलेली आढळते आणि घटकांच्या यादीत पाऱ्याचा उल्लेख नसतो. टॉवेल, उशीचा अभ्रा यांवाटे तो घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतो.

बनावट वस्तूवर छापलेला बॅच क्रमांक बहुतेक वेळा खऱ्याच मालाचा उचललेला असतो, आणि याचा फटका फार थोड्यांच्या लक्षात येतो. कंपनीने सदोष बॅच परत मागवली तर नकली माल त्या जाळ्यात येत नाही, आणि नकली मालाने अपघात झाला तर बोट अस्सल बॅचकडे दाखवले जाते. सदोष माल शोधून काढण्याची सगळी व्यवस्था या क्रमांकावर उभी आहे. तोच बिनभरवशाचा झाला की तपास करणाऱ्यांचे हात बांधले जातात.

ओळखायचे कसे, हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. स्पेलिंगची चूक, फिकी छपाई हे निकष आता जुने झाले. होलोग्रामची नक्कल सगळ्यात आधी होते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ‘ओरिजिनल’ असे हिरवे पान उघडले तरी भुलू नये, कारण कोड ज्याने छापला त्यानेच ते पानही केलेले असू शकते. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे नगाचा क्रमांक घालावा आणि तो आधी किती वेळा तपासला गेला हे पाहावे. नव्या सीलबंद नगाचा क्रमांक पूर्वी पाच-पन्नास वेळा तपासलेला दिसला तर तो अनेक नकली नगांवर छापला गेला आहे. औषधाच्या खोक्यावरचा बॅच क्रमांक व मुदत आतल्या पट्टीशी किंवा बाटलीशी जुळते का, हे दोन मिनिटांचे काम आहे. मेमरी कार्ड वा पेनड्राइव्हवर ‘एफ३’ किंवा ‘एच२टेस्टडब्ल्यू’ ही मोफत साधने चालवावीत. ती कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचतात. खोट्या क्षमतेच्या कार्डावर फायलींची नावे दिसत राहतात, आतली माहिती मात्र केव्हाच पुसली गेलेली असते. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचे गुण पुरेसे नसतात. काही गोदामांत एकाच वस्तूचा वेगवेगळ्या विक्रेत्यांचा साठा एकत्र ठेवतात, त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याच्या नावावरही दुसऱ्याचा नकली नग येऊ शकतो. ज्यावर जीव अवलंबून आहे, म्हणजे औषध, ब्रेक, एमसीबी, सेल, चार्जर, ते उत्पादकाच्या अधिकृत यादीतल्या विक्रेत्याकडूनच, बिलावर बॅच किंवा नगाचा क्रमांक लिहून घेऊन घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राकडे आमचे मागणे आहे. साठा पकडल्याची बातमी देताना किमतीबरोबर बॅच क्रमांक, वस्तू उघडून तपासली का, कोणती चाचणी केली आणि निकाल काय, एवढे चार तपशील अधिकाऱ्यांकडून मागून घ्यावेत. शक्य असेल तिथे खरी आणि नकली वस्तू उघडून शेजारी ठेवलेला फोटो छापावा. यामुळे नक्कल करणारे शहाणे होतील, अशी शंका घेतली जाते. बाहेरचा फरक छापला तर ते तो लगेच सुधारतील, हे खरे. आतला फरक सुधारायचा म्हणजे त्यांना पत्रे, फ्यूज, तिहेरी आवरणाची तार घालावी लागेल, आणि मग त्यांचा धंदाच परवडणार नाही. म्हणून आतलेच छापा. पकडलेला माल रोलरखाली चिरडल्याचे फोटो येतात, तेव्हा सेल आणि पाऱ्याची क्रीम त्यात कशी वेगळी काढली, हेही विचारावे. लिथियम सेल चिरडला की पेटतो आणि पारा जमिनीत उतरतो.

वाचकांनी संशयित वस्तू भंगारात सबंध टाकू नये, ती साफसूफ होऊन पुन्हा बाजारात येते. तक्रार करायची असेल तर वस्तू, खोके आणि बिल एकत्र पिशवीत ठेवावे, उघडू नये. टाकायचीच असेल तर चार्जर आधी प्लगमधून काढून त्याची वायर कापावी; सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा, कचराकुंडीत नव्हे. अस्सल वस्तूंची रिकामी खोकी आणि बाटल्याही सबंध टाकू नयेत, कारण नकली माल करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त मागणी त्यांनाच असते. बेअरिंग, एमसीबी, शीतकाचे डबे यांची खोकी गॅरेज आणि कारखान्यांनी फाडूनच बाहेर द्यावीत. इंजेक्शनच्या कुप्यांची लेबले रुग्णालयांनी ओरबाडून काढावीत आणि औषधाच्या पट्टीवरचा बॅच क्रमांक कात्रीने मधोमध कापावा.

आपले विश्वासू,
विद्युत उपकरणे, सुटे भाग व औषध तपासणी क्षेत्रातील काही तंत्रज्ञ